बेंबीमागची शीर

मी एक जुनी शीर आहे. वय अठ्ठावीस. हे वय काही फार नव्हे, पण बुजलेल्या विहिरीला कुणी वय विचारत नाही, ती जुनीच म्हणायची. तशी मी.

मित्रांनो, तुमच्या प्रत्येकाच्या पोटात माझ्यासारखी एक शीर आहे. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात. ती बेंबीच्या वरच्या अंगाला, पाठीच्या बाजूला खोलवर असते. मोठ्या माणसाच्या तर्जनीएवढी लांब आणि जवळपास तेवढीच जाड. आतड्यांकडून एक मोठी शीर येते, पाणथरीकडून, म्हणजे प्लीहेकडून, दुसरी येते, आणि स्वादुपिंडाच्या मागं त्या दोघी मिळाल्या की आमचा जन्म होतो.

अंगातल्या बहुतेक शिरा रक्त घेऊन हृदयाच्या वाटेला लागतात. आम्ही तसं करत नाही. आम्ही आधी यकृताकडं जातो. याचं कारण साधं आहे. आतड्यांतून येणाऱ्या रक्तात तुम्ही खाल्लेल्या अन्नाचा रस असतो, गोळ्या-औषधं असतात, कधी शिळं-पाकं असतं, कधी जंतूही असतात. हे सगळं न तपासता अंगभर पाठवून चालत नाही. गावातलं दूध जसं आधी संस्थेत जातं, तिथं ते तपासतात, नासकं बाजूला काढतात आणि मगच पुढं पाठवतात, तसंच हे. यकृत ही आमची दूध संस्था. ते साखर साठवतं, विष मारतं, लागेल तेवढं पुढं सोडतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी चारातले तीन भाग आम्ही नेतो. आमच्या वाटेवर झडपा नसतात. म्हणून पुढं अडलं की मागं फुगतं. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या फुगण्याचीच आहे.

मी ज्या पोटात राहते ते पोट संयोगिताचं. तिचं गाव राधानगरीकडं, डोंगराच्या कुशीत. वडील आकाराम दूध संस्थेचा टेम्पो चालवायचे. घरात आई होती आणि आकारामची आई होती, विठाबाई. गल्लीत कुणाला मूल झालं की पहिलं बोलावणं विठाबाईला यायचं. न्हाऊ घालणं, शेक देणं, बाळाचं डोकं चोळून गोल करणं, हे सारं तिच्या हातात होतं. लोक म्हणायचे, विठाबाईच्या हाताला गुण आहे.

आईच्या पोटात असताना माझे दिवस मानाचे होते. बाळ तेव्हा तोंडानं खात नाही. आईकडून पोषण घेतलेलं रक्त नाळेतून बेंबीवाटे येतं आणि बेंबीची शीर थेट माझ्या डाव्या फाट्याला येऊन मिळते. म्हणजे बाळाला मिळणारं सगळं पोषण माझ्या दारावरून जायचं. मूल जन्मलं, नाळ कापली, की ती बेंबीची शीर मिटायला लागते. पण घराचं दार ओढून घेतलं म्हणून लगेच कडी लागत नाही. काही दिवस ते नुसतं लोटलेलं असतं. त्या दिवसांत बाहेरून काही आत शिरलं तर ते सरळ माझ्यापर्यंत पोचतं.

संयोगिता घरीच जन्मली. पुलावर पाणी होतं आणि दवाखाना पलीकडं होता. विठाबाईनं सगळं नीट केलं. पाणी उकळलं, पातं उकळलं, नाळ बांधली, कापली. मग नेहमीसारखं शेणी जाळून राख केली, खोबरेल तेलात कालवली आणि बेंबीच्या ओल्या देठावर लावली. त्यानं बेंबी लवकर सुकते असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. दिवसातून दोन वेळा ती हे करायची, बोटानं, हळूच, तोंडानं काहीतरी गुणगुणत. तिच्या बोटाचा तो हळुवारपणा मला अजून आठवतो.

आठव्या दिवशी बेंबी लाल झाली. नवव्या दिवशी पू आला. दहाव्या दिवशी पोरीला ताप चढला. शेणाच्या राखेतून, तेलातून, हातातून, कशातून आले कोण जाणे, पण जंतू त्या लोटलेल्या दारातून आत आले आणि माझ्या भिंतींना सूज आली. माझ्यात रक्त गोठायला लागलं. पूल उघडल्यावर आकारामनं औषध आणलं, ताप उतरला, बेंबी सुकली. उशिरानं बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या. बाहेरून पाहणाऱ्याला पोर बरी झाली. आत मी बंद पडले होते.

इतर वस्तू आपलं आयुष्य सांगतात तेव्हा वर्षानुवर्षांची सेवा सांगतात. जन्मल्यानंतरची माझी सेवा जेमतेम दहा दिवसांची.

मी बुजले तरी रक्त थोडंच थांबणार. माझ्या अंगाभोवती केसासारख्या बारीक शिरा फुटल्या. रानवेलींसारखं त्यांचं जाळं झालं आणि त्या आपापल्या परीनं रक्त यकृताकडं नेऊ लागल्या. त्या कष्टाळू आहेत, पण पायवाटेनं किती गाड्या जाणार? उरलेलं रक्त मागं तुंबलं. नदीवरच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घातले की पाणी मागं चढत जातं. पुराचं पाणी मागं चढताना पाहिलेल्या शिरोळकडच्या माणसाला फुगवटा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तो फुगवटा पाणथरीत शिरला, ती वाढत वाढत बरगडीखाली हाताला लागायला लागली. तो अन्ननलिकेच्या शिरांत शिरला. त्या नाजूक, पातळ. त्या फुगून गांडुळासारख्या झाल्या. आणि हे सगळं होत असताना संयोगिता पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होती, झाडावर चढत होती, आणि तिला काहीसुद्धा दुखत नव्हतं.

ती नऊ वर्षांची असताना तिला थंडीताप आला. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून दिली. दोन दिवसांनी ती शाळेत गेली आणि प्रार्थनेच्या रांगेत उभी असताना तिला उलटी झाली. उलटीत नुसतं रक्त. बाईंनी तिला उचललं. आकाराम दुधाचे कॅन भरत होता. त्यानं अर्धे कॅन तिथंच उतरवले, विठाबाईच्या मांडीवर पोरीला दिलं आणि टेम्पो कोल्हापूरला काढला. आई म्हशींसाठी घरी राहिली. हे मी मुद्दाम सांगते आहे. आई त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दवाखान्यात नव्हती.

रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून तपासायचं ठरलं. खोलीबाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता, शिरोळकडचा केरबा. ऊस ओढायचे दोन ट्रॅक्टर होते त्याचे. डोळे पिवळे, पाय काडीसारखे आणि पोट पाण्यानं घागरीएवढं झालेलं.

"काय पावणं," तो आकारामला म्हणाला, "पोरीला कशाला आणलंय हितं?"

"रक्ताची उलटी झाली."

"आँ? माझं बी त्येच की!" केरबा सरळ बसला. "पर म्या पिलोय. वीस वरीस पिलोय. दिसभर ट्रॅक्टर आन् सांच्याला बाटली. माझं ठीक हाय. हिनं काय केलंय?"

केरबा संयोगिताकडं वळला. "काय गं, तू कुठल्या गुत्त्यावर बसतीस?"

संयोगिताला हसू आलं. "मी नुस्तं दूध पितो."

"ऐका! डाक्टर मला म्हणत्यात दारू सोडा, दूध प्या. आन् दूध पिणारी माझ्याच रांगंत बसलीया!"

आकारामसुद्धा हसला. विठाबाई हसली नाही. ती पिशवी मांडीवर धरून भिंतीकडं बघत होती.

केरबाच्या पोटातली माझी बहीण उघडी होती. तिच्यापुढं यकृतच दगडासारखं कडक झालं होतं, म्हणून तिचं रक्त आत शिरत नव्हतं. माझ्या पुढं यकृत चांगलं मऊ, ताजं होतं, पण मीच बंद होते. वाटा दोन, फुगवटा एकच. आता तर दारूला कधी शिवलेले नाहीत असेही लोक त्या बाकावर येतात. पोटावर चरबी, साखर वाढलेली, आणि यकृतात चरबी साठून साठून तेही कडक झालेलं. काविळीचे काही विषाणूही वर्षानुवर्षं राहिले तर तेच करतात. दारू हे एक कारण आहे, एकमेव नाही.

तपासणी झाली. डॉक्टर प्रमोदिनी तेव्हा नव्या होत्या. त्यांनी फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून छोटे रबरी बँड लावले. बँड लावला की ती शीर आवळली जाते आणि सुकून पडते. मग त्यांनी आकारामला आणि विठाबाईला समोर बसवून कागदावर चित्र काढलं.

"हे यकृत. ते चांगलं आहे. ही त्याच्याकडं जाणारी मोठी शीर. ही बंद आहे, आणि आजची नाही, फार जुनी बंद आहे. म्हणून रक्त मागं तुंबतंय." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, एक विचारते. ही जन्मली तेव्हा बेंबी पिकली होती का? पू, ताप, असलं काही?"

बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत. आकारामला तापाचं औषध आणल्याचं आठवत होतं, बेंबीचं काही माहीत नव्हतं. त्यानं आईकडं पाहिलं.

"न्हाय बा," विठाबाई म्हणाली. "बेंबी कशाला पिकंल? झ्याक हुती पोर."

"बेंबीला काही लावलं होतं?"

"काय बी न्हाय."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. "बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही," त्या म्हणाल्या. "पण बेंबीला राख, शेण, हळद काही लावू नका, एवढं गावात सांगा. कोरडी ठेवली की ती आपोआप गळते."

विठाबाईनं मान हलवली. हे बायकांचं काम म्हणून आकारामनं ते तिच्यावरच सोडलं. मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

खरं सांगितलं असतं तर माझी वाट उघडली असती का? नाही. उपचार तेच राहिले असते. पण गल्लीत दर वर्षी चार-पाच मुलं जन्मत होती आणि प्रत्येकाच्या पोटात माझ्यासारखी एक शीर होती. त्यांच्यासाठी तरी ते बोलायला हवं होतं. विठाबाईनं राख लावली ती मायेनं. त्याचा मला राग नाही. तिच्या 'न्हाय बा'चा आहे.

गावी गेल्यावर विठाबाईनं एक केलं. तिनं बाळंतिणीकडं जाणं बंद केलं. बोलावणं आलं की म्हणायची, "हात दुखतोय गं बाई." लोक म्हणाले, म्हातारीला गुर्मी आली. तिनं कुणाला कारण सांगितलं नाही. म्हणून राख बंद झाली नाही, फक्त लावणारे हात बदलले.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगते. बँड सात वेळा लावले. दर सहा महिन्यांनी कोल्हापूर. अंगदुखीच्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, म्हणून त्या कायमच्या बंद. पाणथरी मोठी आहे, पोटाला मार लागला तर ती फुटेल, म्हणून खो-खो बंद. संयोगिता शाळेच्या संघात चांगली पळायची. त्यानंतर ती मैदानाच्या कडेला बसून गुण लिहायची आणि तिच्या संघातल्या पोरी तिला 'लेखनिक' म्हणून चिडवायच्या. ती शिकली, गावच्या दूध संस्थेत तपासनीस झाली. दूध आलं की त्याचं फॅट मोजायचं, भेसळ दिसली की बाजूला करायचं. माझं जे काम होतं त्याच्या जवळचंच काम तिनं निवडलं, हे तिला माहीत नाही.

मुरगूडच्या राजवर्धनशी लग्न ठरलं तेव्हा तिनं पहिल्याच भेटीत आपली फाईल त्याच्या पुढ्यात ठेवली. "हे सगळं वाचा, मग हो म्हणा." त्यानं दोन दिवस फाईल ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, "अक्षर लागत न्हाय डाक्टरचं. पर हो."

गेल्या वर्षी तिला दिवस गेले. मी घाबरले. पोटात मूल वाढतं तसा माझ्या मागचा फुगवटाही वाढतो. डॉक्टर प्रमोदिनींचे केस आता पिकलेत. त्यांनी पाचव्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घातली, दोन ठिकाणी बँड लावले आणि सांगितलं, बाळंतपण कोल्हापुरातच, रक्ताची सोय करून. तसंच झालं. मुलगी झाली. संयोगिताला काही झालं नाही. माझ्या वेलींनी ते दिवस निभावून नेले, त्यांचे उपकार मानायला हवेत.

ते नऊ महिने मला एक सोबत होती. जवळच एक नवीन शीर तयार होत होती. तिच्या दारावरून आईकडून आलेलं पोषण जात होतं, जसं एकदा माझ्या दारावरून गेलं होतं.

चौथ्या दिवशी बाळ-बाळंतीण राधानगरीकडं माहेरी आली. पाचव्या दिवशी सकाळी न्हाणं झालं. बाळाच्या बेंबीचा देठ अजून ओलसर होता. संयोगिताची आई चुलीकडून वाटी घेऊन आली. वाटीत शेणीची राख होती, खोबरेल तेलात कालवलेली. मला ते कळलं, कारण संयोगितानं विचारलं.

"आई, ते काय?"

"राख. बेंबी सुकत न्हाय बघ लवकर."

"नर्स म्हणाली काय लावायचं न्हाय म्हणून."

"त्या पोरींची लग्नं तरी झाल्यात व्हय? तुझ्या बेंबीला हीच लावलती. आत्याबाईंनीच शिकिवलंय मला. सुकलीच न्हवं तुझी बेंबी?"

राखेचं संयोगिताच्या फाईलमध्ये काही लिहिलेलं नव्हतं. आईनं वाटीत बोट बुडवलं.

दाराशी आईची सासू, विठाबाई, बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे धरलेले, उठायचं म्हटलं तर दोन माणसं लागायची. ती उठली नाही. बसल्या बसल्या, हातावर रेटत, घसटत पुढं आली आणि तिनं आपला पंजा बाळाच्या बेंबीवर आडवा धरला. देहाला लागू न देता, वरच्या वर.

"आत्याबाई, हात काढा की."

"न्हाय काढत."

"अवो, तुमीच तर—"

"व्हय, म्याच!" विठाबाईचा आवाज केवढा तरी मोठा झाला. बाळ दचकलं. "म्याच लावलती हिला. मंग बेंबी पिकली, पू आला, ताप आला. त्या डाक्टरीणबाईनं मला समोर बसवून इचारलं, बेंबी पिकलती का, काय लावलंतं का. आन् मी न्हाय म्हनलो. माझ्या पोराच्या तोंडावर न्हाय म्हनलो. हिची शीर त्यानंच बुजलीया. ह्या हातानं."

गोठ्यात म्हैस हंबरली.

आईनं वाटी खाली ठेवली. "अठरा-एकोणीस वरसं," ती म्हणाली. "अठरा-एकोणीस वरसं मी देवाला इचारतोय, माझ्या पोरीनं काय केलंतं म्हणून. आन् तुमी शेजारी बसून ऐकत हुतासा?"

"ऐकत हुतो."

"का न्हाय सांगिटलं?"

"तू मला घरात ठेवली असतीस?"

आई उठून परसात गेली.

संयोगिता आजीच्या त्या पंजाकडं बघत होती. हात बाजूला होत नव्हता. माझ्या वेलींमधून रक्त जोरात धावत होतं, यावरून मला कळत होतं की तिच्या मनात काय चाललंय. ती रागावली होती. तिच्या डोळ्यांपुढं ती प्रार्थनेची रांग असेल, मैदानाची कडा असेल.

शेवटी ती म्हणाली, "आज्जी, हात काढ. अवघडला असंल."

"वाटी उचल आधी."

संयोगितानं वाटी उचलून लांब ठेवली. मग तिनं बाळ उचललं आणि विठाबाईच्या मांडीवर दिलं. "बेंबी पडस्तवर तूच बस हिच्यापाशी. कुणाला काय बी लावू देऊ नगंस. मला बी न्हाय, आईला बी न्हाय."

"आन् मी लावली तर?" विठाबाईनं विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तर तुला केरबाच्या रांगंत बसवतो."

विठाबाई तीन दिवस बसली. जेवण तिथंच, डुलकी तिथंच. शेजारणी बाळ बघायला आल्या की ती आधी त्यांचे हात बघायची, धुवायला लावायची. आठव्या दिवशी बेंबीचा देठ आपोआप गळून पडला. खाली कातडी कोरडी, स्वच्छ. आतलं दार हळूहळू मिटत गेलं आणि त्यातून कुणी आत गेलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं तेजस्वी. पाळणा म्हणून झाल्यावर बायका घुगऱ्या घ्यायला उठल्या, तेव्हा विठाबाईनं त्यांना पुन्हा बसवलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, नावानिशी, आपल्याच नावानिशी. एक म्हातारी म्हणाली, "आमची न्हाय ती मेली राखंनं." विठाबाई म्हणाली, "माझी बी मेली न्हाय. तिची शीर बुजली." विठाबाईची सून अजून तिच्याशी फारसं बोलत नाही, पण ताट वाढते, आणि गुडघ्याला तेल लावून देते.

मित्रांनो, मी परत उघडणार नाही. माझ्या वेली जमेल तेवढं चालवतील आणि संयोगिताला दर सहा महिन्यांनी कोल्हापूरच्या त्या बाकावर बसावं लागेल. पण तुमच्या घरात नवीन बाळ येईल तेव्हा मला आठवा. नाळ स्वच्छ पात्यानं कापू द्या, बेंबी कोरडी ठेवा, लाल झाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बेंबीला काहीही लावू नका, कितीही मायेचा हात असला तरी. आणि तुमच्या हातून काही चुकलं असेल, आणि कुणी विचारलं, तर तेव्हाच सांगा. विठाबाईला ते सांगायला फार वर्षं लागली. तेवढ्या वर्षांत त्या गल्लीत किती बाळं जन्मली ते तिनं मोजलेलं आहे, आणि आता ती एकेका घरी निरोप धाडून विचारते, पोराच्या डाव्या बरगडीखाली पाणथरीची गाठ लागत नाही ना.

त्या पाचव्या दिवशीची वाटी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात तशीच होती. मग आई परसातून आली, तिनं ती उचलली, आणि त्या राखेनं दुधाची भांडी घासून काढली.